तिचं बोलणं तिघांकडे राहिलं

मला तीन परक्या भाषा येतात. अरबी, बंगाली आणि स्वाहिली. बोलता येतात, लिहिता एकही येत नाही. शाळा सातवीत सुटली, तीही नापास होऊन. अमरावतीच्या राजापेठेत इंग्रजी शिकवणारे एक मास्तर आमच्याकडून भाजी न्यायचे. त्यांनी एकदा विचारलं, "काका, कोणत्या क्लासला शिकले?" मी म्हणालो, "काकडीच्या." त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करून राहिला. थट्टा नव्हती.

भातकुलीजवळ आमचं अडीच एकर काळं रान. भाजी आणि झेंडू. एक्केचाळिसाव्या वर्षी मी मस्कतकडच्या एका मळ्यावर काकडीच्या कामाला गेलो. दोन वर्षांसाठी गेलो आणि चौदा वर्षं राहिलो. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. पगार बरा होता, आणि खरं सांगतो, तिथे मला मान होता. बायको आणि पोरगी इकडे.

मळ्याचा मुकादम मिसरी, म्हणजे इजिप्तचा, तो अरबी बोले. शेडमध्ये माझ्यासोबत आठ बंगाली, चितगावकडचे. आणि भाजीची गाडी चालवणारा झांझिबारचा, त्याची स्वाहिली. शिकलेला माणूस चुकायला भितो, म्हणून त्याला भाषा येत नाही. मला कसली भीती? लोक हसले, मी हसू दिलं. हसणारा माणूस तोच शब्द पुन्हा नीट बोलून दाखवतो. तेवढा आपण उचलायचा. अरबी मी शिव्या खाऊन शिकलो, बंगाली जेवताना शिकलो. स्वाहिली गाडीत. बाजाराला जायचे तीन तास, यायचे तीन, आणि ड्रायव्हरला गप्प बसणं माहीत नाही. चौथ्या वर्षी मुकादमाशी अरबीत भांडलो आणि भांडण जिंकलो, तेव्हा कळलं की भाषा आली.

शेडमध्ये सगळ्यांत मिळून एक मोबाइल. स्वयंपाकाच्या जागी खिळ्याला टांगलेला असे, बाजाराच्या दिवशी ड्रायव्हर सोबत नेई. बायको भातकुलीच्या बूथवरून फोन लावायची. जो जवळ असेल तो उचले आणि विचारे, "कौन चाहिए?" इथेच घोडं अडलं. आमच्याकडे तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नाकार्यात चार बायांनी अडवलं तर उखाण्यात घेतील तेवढंच. ती म्हणे, "हे आहेत का?" तो म्हणे, "हे कौन?" मग ती फोन ठेवून देई. तीन आठवडे तिचा आवाज नाही. शेवटी मीच शेजारच्या घरी फोन लावला.

"फोन कावून नाही केला?"

"केला ना बाप्पा! पाच खेपा केला. ते तुमचं नाव इचारतात. मी काय सांगू?"

"मंग सांग ना नाव! समुद्रापार कोन आयकून राहिलं तुले?"

"तुमी आयकून राहिले ना."

मी डोक्याला हात लावला. मुकादमाला सांगितलं तर तो हसला नाही. त्यांच्यात माणसाला लेकराच्या नावानं बोलावतात, अमक्याचा बाप म्हणून, आणि तोच मान. तो म्हणाला, "तुला मुलगी आहे ना? मग तिला मुलीचा बाप मागू दे." मी तिला फोनवर तीनच शब्द पढवले. "वेन अबुल बिंत?" म्हणजे पोरीचा बाप कुठे आहे. तिनं ते बूथवर उभ्या उभ्या इतकं घोकलं की बूथवाल्यालाही पाठ झालं. पुढे तेच तिनं बंगालीत उचललं, मग स्वाहिलीत. मळ्यावर माझं नाव पुसलं गेलं. मी सगळ्यांसाठी पोरीचा बाप झालो.

मी बहुतेक वेळा वाफ्यात असे. हाक ऐकून येईपर्यंत पाच-दहा मिनिटं जात, तेवढ्यात ज्यानं फोन उचलला त्याच्याशी ती मोडक्या हिंदीत बोलत राही. मी आलो की त्याच्या हातातून फोन घ्यायचो आणि म्हणायचो, "बिल वाढून राहिलं. काम सांग."

"काम काही नाही. बरे आहा ना?"

"हाव."

"ठेवू?"

"ठेव."

चौदा वर्षांत आमचं बोलणं एवढंच.

परत आल्यावर तोडणी करताना ती कधी म्हणायची, "बोला ना थोडं त्या भाषेत." मी म्हणायचो, "कायले? भेंड्याले समजतं का?" ती हसायची आणि सोडून द्यायची. गेल्या पौषात ती गेली. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी नाही.

तेरवी झाल्यावर सोबतच्या एका बंगाल्याला कळवायला फोन केला. माझ्या आधी तोच रडला. मग म्हणाला, "भाभी दर वेळी विचारायची, भात खाल्ला का त्यांनी. मी हो म्हणायचो. एकदा म्हणाली, मग भाजी कोणती होती ते सांग. मला सांगता येईना. खोटं बोलतो म्हणून अशी रागावली!" मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या फोनपासून मला तहान लागली. जिचं बोलणं मी बिलाच्या नावानं तोडत होतो, ते दुसऱ्यांकडे साबूत पडलं होतं. मिसरी मुकादमाला शोधलं. तो म्हणाला, तिनं त्याला ताकीद दिली होती की उन्हात यांच्यावर ओरडायचं नाही, हा माणूस डोक्यानं तापट आहे, मनानं नाही. "पण जास्त ड्रायव्हरला विचार," तो म्हणाला. "बाजारात तू माल उतरवायला गेलास की त्याच्याशी ती तासभर बोलायची."

ड्रायव्हर सापडेना. तो कधीच झांझिबारला परतला होता, जुना नंबर बंद. तोवर पोरीनं मला अकोल्याला आणलं होतं, जठारपेठेत तिच्या घरी. चार महिने शोध चालला. मला धास्ती होती की तो सापडेपर्यंत माझी स्वाहिली गंजेल. म्हणून सकाळी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना मी एकटाच ती बोलायचो.

"बाबा, कोनासंगं बोलून राहिले?"

"ड्रायव्हरसंगं."

"कोनत्या?"

"सापडला नाही अजून."

पोरगी आत गेली आणि नवऱ्याला फोन करून चांगला डॉक्टर विचारू लागली. मग मी तिला बसवून सगळं सांगितलं. "आई त्याहिच्यासंगं तासभर बोले, अन् माह्यासंगं नाही," ती एवढंच म्हणाली. पुढचा शोध तिनंच केला. बंगाल्याचा पुतण्या अजून त्याच भागात कामाला होता. त्याच्याकरवी नंबर मिळाला.

एका दुपारी व्हिडिओवर ड्रायव्हर दिसला. पुढचे दात गेलेले. पहिली दोन वाक्यं माझ्या तोंडातून निघेनात. विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरावी आणि पाणी चढू नये, तसं झालं. मग एकदम धार लागली. त्यानं आधी तिचीच चौकशी केली. मी सांगितलं. "पोले, पोले साना," तो म्हणाला. दुःखात असलेल्या माणसाला त्यांच्यात हेच म्हणतात.

मी विचारलं, ती काय बोलायची?

"सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय तिला."

"ती गेली आता."

"मग तर शब्द मोडताच येत नाही."

"मी नवरा आहे तिचा."

"तुलाच सांगायचं नव्हतं."

"मग काय मी मेल्यावर सांगतोस?"

तो हसला, आणि मग सांगितलं. सातव्या वर्षी तिनं त्याच्याकडून दोन शब्द मागून घेतले होते. "रुदी न्युंबानी." घरी परत ये. आपल्या भाषेत म्हणायला तिला जड जात होतं. म्हटलं तर गाऱ्हाणं वाटेल, असं तिला वाटे. त्या भाषेत म्हणून टाकेन म्हणाली. वर्षभर ती त्याच्यासमोर घोकत होती. मग मी येऊन फोन घ्यायचो आणि म्हणायचो, काम सांग.

"तू तरी सांगायचं मला," मी त्याच्यावर ओरडलो.

"सांगणार होतो. ती म्हणाली, दुसऱ्यानं सांगून आले तर काय आले? पुढे तू आणखी दोन वर्षं वाढवून घेतलीस. मग तिनं ते शब्द सोडून दिले."

मला सात वर्षं आधी येता आलं असतं. रान होतं, घर होतं, ती होती. कोणी धरलं नव्हतं.

मी विचारलं, "कशी म्हणायची ती?"

त्यानं तिच्यासारखं म्हणून दाखवलं, शेवट लांबवून, आमच्याकडच्या बाया बोलतात त्या हेलात. पोरगी दारात उभी होती. तिला स्वाहिलीचा एक शब्द कळत नाही, पण तिनं तोंडाला पदर लावला.

"पुन्हा म्हण," मी म्हणालो. त्यानं म्हटलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा तो संकोचला. "पोरीच्या बापा, माझी बायको इथे बसून माझ्याकडे पाहते आहे."

"निमेरुदी," मी म्हणालो. परत आलो.

"कुणाला सांगतोस?" त्यानं विचारलं.

"तुले नाही," मी म्हणालो. हे मात्र वऱ्हाडीतच निघालं.