डोंगर वरनं कापायचा

गवताच्या गंजीतली खालची पेंढी ओढली की वरच्या चार अंगावर येतात. आमच्या टोळीच्या गोष्टींचं तसंच आहे. कुणीतरी सहज एखादी विचारतं आणि मग पुढ्यातला चहा गार झाला तरी माझं तोंड काही थांबत नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाचं हे. येडशीजवळच्या रामलिंगाच्या डोंगरावरचं गवत एक गुत्तेदार लिलावात घ्यायचा, आणि दिवाळी झाली की आम्ही बाया ते कापायला जायचो. टोळीच्या म्होरक्या गंगाकाकू. वय विचारलं की म्हणायच्या, "अजून चढती न्हवं मी? मग कशाला मोजतीस?"

आणि मला एक खोड. अमुक गोष्ट अशी का, ते कळल्याशिवाय घास गोड लागत नाही.

*

लग्न होऊन नवीनच आले होते. पहिल्या दिवशी पायथ्यालाच कमरेएवढं गवत बघितलं आणि लागले की कापायला! काकूंनी मनगट धरलं.

"हितं न्हाय. वर चल. डोंगर वरनं कापायचा असतो."

"का? हितलं वाईट हाय का?"

"वाईट कशानं असंल? पर हितंच भारा झाला, तर वर जायाला निमित्त काय ऱ्हाईल?"

गेले मागं मागं. वर पोचेस्तोवर छातीचा भाता झाला. मग माथ्यावर वारं लागलं, खाली बघितलं, तर आमचं गाव तळहातावर मावेल एवढं दिसत होतं. त्यात माझं सासर तर दिसतसुद्धा नव्हतं. लई बरं वाटलं.

*

बसव्वा अणदूरकडची. घरात कानडी, बाहेर मराठी. नवऱ्याचं किराणा दुकान जोरात चाललेलं, म्हणजे हिला गवत कापायची काही म्हणता काही गरज नव्हती. तरी रोज हजर.

भारे आम्ही डोक्यावर आणत नसू. बांधायचे आणि उतारावरनं गडगडत सोडून द्यायचे. एकदा बसव्वानं ऊन लागू नये म्हणून भाकरीचं फडकं पेंढ्यांत खुपसलं, आणि विसरली. भारा बांधला, पायानं ढकलला. दुपारी जेवायला बसलो तेव्हा बाईच्या ध्यानात आलं की भाकरी पायथ्याला गेली.

आम्ही म्हटलं, आमच्यातली खा. ऐकेल तर शपथ. तणतणत अख्खा डोंगर उतरली. आम्ही वरनं बघतोय. भारा सोडला, फडकं काढलं, आणि तिथं सावलीत बसून खायचं सोडून बाई परत चढायला लागली. वर आली तेव्हा घामानं निथळत होती.

मी विचारलं, "अगं, खालीच खायाची की. एवढी तंगडतोड का?"

"खालीच खायाची तर माझं घर काय वाईट हाय?"

पुढं तिची कंबर धरली. हकीमसाहेबांनी आराम सांगितला. दोन दिवस दिसली नाही, तिसऱ्या दिवशी माथ्यावर. म्हटलं, "आराम?"

"घरी करून बघितला. जमंना. हितं करती."

*

मग जंगलखात्याचे एक नवे दरोगा आले. तुर्की टोपी, सुटलेलं पोट, बोलणं दखनी. पायथ्यावरनंच ओरडले, "अम्मा, ऊपर घास कितनी है?"

काकू वरनं म्हणाल्या, "येऊन बघा की सायेब."

आता सरकारी माणसाला असं बोलायचं म्हणजे आम्ही हबकलोच. पण साहेब निघाले. जागोजाग बसत, टोपीनं वारा घेत एकदाचे वर आले. आम्हाला वाटलं, आता खडसावणार. बसव्वानं पाणी दिलं. ते प्याले आणि दगडावर बसून नुसते बघत राहिले. मग, "वो तालाब कौनसा? वो गाँव?" काकू बोटानं दाखवत गेल्या. गवताचं नावसुद्धा निघालं नाही.

उतरताना म्हणाले, "बराबर देखना पड़ता. अगले हफ्ते फिर आना पड़ता."

आले की! त्याच्या पुढच्या हप्त्यातही आले. गवत संपत आलं, डोंगर बोडका दिसायला लागला, तरी तपासणी चालूच. शेवटी काकूंनी विचारलं, "सायेब, आता काय ऱ्हायलंय बघायाला?"

"घास बराबर कटी क्या, देखने आया," म्हणाले, आणि आपल्या दगडावर जाऊन बसले.

*

काकूंचा एकुलता एक लेक दिगंबर. बार्शीला मिलमध्ये लागलेला. बार्शी इंग्रजांकडं, आम्ही निजामाच्या मोगलाईत, पण महिन्याच्या महिन्याला येऊन जायचा. गुणी पोरगं. एका साली काकू घसरल्या, गुडघा सोलवटला, आणि ते त्याच्या कानावर गेलं. तो न्यायलाच आला.

"आये, बास झालं आता. मी कमावतोय, तू बसून खा. तिथनं पडलीस, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" असं म्हणाला आणि रडला.

संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "वरडला असता तर भांडले असते गं. रडला. आता काय करू?" त्यांचा चेहरा बघवत नव्हता. डोंगर सुटला की ही बाई बार्शीच्या खोलीत वर्षभर टिकायची नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण लेकाचंही काय चुकलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माथ्यावर होतो. खाली येडशी स्टेशनातनं काकूंना आणि दिगंबरला घेऊन बार्शीची गाडी निघाली. छोटी गाडी ती, घाटातल्या उतारावर ब्रेक दाबून अशी दबकत जायची, की शेजारनं चालणाऱ्याला गप्पा मारता याव्यात. आम्ही विळे टाकून उभ्या राहिलो. वाटलं, काकू खिडकीतनं हात तरी हलवतील. हात नाही, काही नाही. धूर वळणाआड गेला. मला तर त्यांचा रागच आला. एवढ्या वर्षांची सोबत, आणि साधं वर बघवलं नाही?

पुन्हा वाकून कापायला लागलो. ऊन डोक्यावर यायच्या आत डोंगराच्या मागच्या अंगाला, जिकडनं कधी कुणी चढत नाही, तिकडं गवत मोडल्याचा आवाज आला. बसव्वा म्हणाली, "डुक्कर असंल." आम्ही विळे सरसावले.

आधी नव्याकोऱ्या इरकलीचा पदर दिसला. त्याला वीतभर कुसळं चिकटलेली. मग काकू वर आल्या. कमरेवर हात ठेवून दम घेतला, आणि सगळा मुलूख एकदा डोळे भरून बघून घेतला.

मी म्हटलं, "काकू, अवो दिगंबर कुठाय?"

"गाडीत झोपलाय. बार्शीत उठंल."