पूर्वेस कासाराचे घर

मी मोजणी खात्यात छत्तीस वर्षे काढली. दस्तात घराची चतुःसीमा लिहिताना लोक जुन्या खरेदीखतावरून ती उतरवून काढतात. शेजारी मरतात, घरे पडतात, तरी कागदावर तेच शेजारी नांदत राहतात. असे कागद मी परत पाठवीत असे. लोकांनी मला नावे ठेवली. मला त्याचे काही वाटले नाही.

गेल्या वर्षी थोरल्या बहिणीच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करण्यासाठी मी लातूरहून नांदेडला गेलो. बहीण त्र्याऐंशी वर्षांची. तीन खोल्यांचे घर तिच्या स्वतःच्या नावावर. मेहुणे वारले, मागून थोरला मुलगा वारला. त्याची पत्नी, मूलबाळ नसलेली, अकरा वर्षे सासूचे सगळे करीत होती. धाकटा मुलगा पुण्यात. घर पाडून जागा बिल्डरला द्यायची, हे त्याने ठरवून टाकले होते. मृत्युपत्र न करता बहीण गेली असती, तर सुनेला त्या घरातील एक वीटही मिळाली नसती. कायद्याने विधवा सून सासूची वारस होत नाही. सगळा खटाटोप एवढ्यासाठी होता.

मसुद्यातील चतुःसीमा मी स्वतः फिरून लिहून दिली होती. पूर्वेस चार मजली इमारत, उत्तरेस शिकवणीचे वर्ग, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस बोळ.

नोंदणीच्या दिवशी सकाळी चहा घेताना बहीण म्हणाली, "आज तांबट लवकर बसला. किती ठोकून राहिला बघ."

उत्तरेकडच्या तांबटाचे घर पाडल्याला पंचवीस वर्षे झाली होती. मला काही ऐकू आले नाही.

"कुठे, अक्का?"

"बहिरा झालास का? त्या भिंतीला कान लाव."

सून ओट्यापाशी होती. तिने वळून पाहिले नाही. "रोजचं हाय, मामा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी व्हय म्हणते."

मी उठून उत्तरेच्या भिंतीला तळहात लावला. भिंत स्थिर होती. हात मात्र मी लवकर काढून घेतला.

माणूस वृद्ध असला की नोंदणी अधिकारी काही प्रश्न विचारतो: घर कुठे, कोणाला देता, शेजारी कोण. उत्तर कागदाशी जुळले नाही, तर दस्त तिथेच थांबतो. मसुदा करणाऱ्या वकिलाला मी फोन केला.

"जुन्या खरेदीखतातील चतुःसीमा घाला. पूर्वेस कासार, उत्तरेस तांबट."

"काका, त्याच्यावरून तर तुम्ही मला दोनदा माघारी धाडलं!"

"घाला म्हटले ना."

नोंदणी कार्यालयाच्या ओसरीत बाकावर बसताना बहिणीने डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडली. गर्दी होती. लोक भिंतीला टेकून उभे होते. तासभर त्या जागेवर कोणी बसले नाही. एक बाई बसण्यासाठी वाकली, "कोणी हाय का इथं?" असे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे गेली.

दुसरे साक्षीदार डॉक्टर होते. वार, महिना, मुलांची नावे, सारे बहिणीने त्यांना बरोबर सांगितले होते, आणि तसे प्रमाणपत्र त्यांनी दिले होते. बहिणीने मृत्युपत्रावर सही केली. डॉक्टरांनी केली. पेन माझ्याकडे आले. ती स्वस्थ चित्ताने हे लिहून देत आहे, या ओळीखाली माझे नाव होते. विचारल्याशिवाय मला सही करता येईना.

"अक्का, कासार कधी वारला?"

"थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या साली. मयतीला तूच गेला होतास की."

ते खरे होते.

"मग पूर्वेला आता कोण राहते?"

"कासार."

"तिथे चार मजली इमारत आहे, अक्का."

ती सुनेला म्हणाली, "ह्याला ऊन लागलंय गं. पाणी दे."

वकील हसला. मी हसलो नाही.

ती माझ्या कानाशी झुकली. "मेले म्हणून घर सोडतात होय रे? धाकटा तर पाडूनच टाकतो म्हणतोय. मग तुझ्या दाजींनी जायचं कुठं?"

हे बोलताना तिचा डावा हात त्या मोकळ्या जागेवर होता. बाकावर टेकलेला नव्हता. चार बोटे वर होता, कोणाच्या गुडघ्यावर ठेवावा तसा.

मी सही केली. घर कोणाला द्यायचे आणि का द्यायचे, हे तिला पक्के ठाऊक होते. ते कारण खोटे आहे, असे सिद्ध करणे माझ्या अधिकारात नव्हते.

आत अधिकाऱ्याने विचारले, "आजी, शेजारी कोण कोण?"

"उगवतीला कासार, मावळतीला बोळ, उत्तरेला तांबट, दक्षिणेला रस्ता."

त्याने कागदावर बोट फिरवले. "आजींना तर पाठच आहे!"

"पाठ कशाला? रोजचं बघणं हाय."

दस्त नोंदला गेला.

दुपारी बहीण झोपली. निघताना मी सुनेला फाटकापाशी थांबवले. "चतुःसीमा चुकीची आहे. धाकटा उद्या तिच्यावरच बोट ठेवील. अक्का आहे तोवर पुरवणी मृत्युपत्र करून ती सुधारून घे. मी पुन्हा येईन."

"घराचा नंबर बरोबर हाय ना?"

"आहे."

"मग घर तर जात न्हाई. राहू द्या, मामा."

"चूक ती चूक."

तिने फाटकाची कडी धरली होती. घराच्या पूर्वेला आणि उत्तरेला तिने एकेकदा पाहिले. पाहताना तिची नजर चौथ्या मजल्यापर्यंत गेली नाही. बैठ्या घराच्या उंचीवरच थांबली.

"त्या गेल्यावर इथं मी एकटीच," ती म्हणाली. "बाईमाणसाला शेजार असलेला बरा."

दुरुस्तीचा विषय मी पुन्हा काढलेला नाही.