फुईच्या गुडघ्यावरचं पागोटं

गावाकडून धाकट्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी गहू निवडत बसले होते. "फुई गेली," एवढंच तो म्हणाला. आमच्या खानदेशात वडिलांच्या बहिणीला फुई म्हणतात. जमनाफुई नव्वदीला टेकली होती, अंथरुणावर फार पडून राहिली नाही, कुणाला त्रास दिला नाही. लोक म्हणतात ते सगळं खरंच. पण जवळचं माणूस गेल्याचं कळलं की त्याचं तोंड डोळ्यांपुढे येतं म्हणतात, तसं माझं झालं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आला तो फुईचा उजवा गुडघा. हसू नका, खरंच सांगते. आज महिना होऊन गेला तरी तो गुडघा काही समोरून हलत नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले.

शहाद्याच्या अलीकडे तापीकाठी आमचं गाव. घरात शेती मोठी, माणसं मोठी आणि सगळ्यांच्या वर आबा. आबा म्हणजे माझे आजोबा, फुईचे वडील. ऊस गाळायच्या चरकात सापडून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तरुणपणीच आखडला होता. तेव्हापासून त्यांना स्वतःचं पागोटं धड बांधता येत नसे. ते काम लहानग्या जमनेनं उचललं. रोज सकाळी आबा ओसरीवर बसून एक गुडघा वर करायचे, ही समोर बसून त्या गुडघ्यावर पागोट्याचे पेच चढवायची आणि मग दोन्ही हातांनी तयार पागोटं उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवायची. माझी माय सांगायची, त्या वेळी ओसरीवरून कुणी पुढे गेलेलं बापलेकींना चालत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मुली झोके घेतात, गाणी म्हणतात, सोंगं घेतात. धोतर-पागोटं घालून पुरुष व्हायचा मान आमच्या गल्लीत दरवर्षी जमनेचा. तिच्यासारखं पागोटं दुसरीला जमायचंच नाही.

मग तिचं लग्न झालं, आणि वर्ष उलटायच्या आत ती परत आली. पांढऱ्या कपाळानं. शेतात जायची, नदीवर धुणी न्यायची, घरातल्या गोधड्या तर सगळ्या तिच्याच हातच्या. पण चार माणसं हौसेनं जमतात अशा ठिकाणी ती जायची नाही. हळदीला नाही, आखाजीच्या झोक्यावर नाही. आणि आबांच्या पागोट्याला तिनं पुन्हा हात लावला नाही. तसा हात लावू नये, असं कुणा म्हातारीनं सांगितलं होतं म्हणे. आबा आपलं आपण बांधू लागले. ते वाकडं व्हायचं, एका कानावर यायचं, आणि तसंच घालून ते गावभर हिंडायचे. फुई चुलीपाशी बसून त्या वाकड्या पागोट्याकडे बघायची आणि मान खाली घालायची. मला हे तेव्हा फारसं कळत नव्हतं. कळायला लागलं तेव्हा, ते तिला एका शब्दानं परत बोलावत नाहीत म्हणून, आबांचा मनस्वी राग आला. तो पुढे कसा निवळला तेच आता सांगायचं आहे.

स्वातंत्र्याला अजून काही वर्षं होती. मी मराठी शाळेत तिसरीत असेन. शाळेत देशावरून नवे मास्तर आले होते, काळी टोपी घालणारे, पुस्तकासारखं बोलणारे. त्यांनी होळीच्या सुमारास इतिहासातल्या वेशांचा दिवस ठरवला. वर्गात आम्ही तिघीच मुली. दोघींनी राण्या व्हायचं ठरवलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, मी शिलेदार होणार. सगळी शाळा हसली. मास्तरही हसले, पण 'हो' म्हणाले. त्यांनी शिलेदाराचं वर्णन करून सांगितलं: डोक्याला पागोटं, हातात ढाल-तलवार आणि अंगात लोखंडाचं चिलखत.

घरी येऊन मी ते जसंच्या तसं फुईला सांगितलं. ती गोधडीला दोरा घालत होती. सुई तशीच हातात धरून म्हणाली, "लोखंडनं आंगडं? ते घालीसन मानूस उठी तरी कसा वं?" पण तेवढ्यावर ती थांबली नाही. रोज दुपारी घर जरा निवांत झालं की ती माझ्या चिलखताला बसायची. जुन्या लुगड्याचे दोन थर घेतले, आमच्याच शेतातला कापूस त्यांच्यामध्ये पसरला आणि गोधडीला घालतात तसा बारीक धावदोरा आडवा-उभा घातला. लोखंड नसलं म्हणून काय झालं, वार लागू नये एवढं जाड तर हवं, असा तिचा हिशेब! दुरडीला तव्याची काजळी फासून ढाल झाली. डोंगरातून विकायला येणाऱ्या बांबूची एक कामटी तासून तलवार झाली. राहिलं पागोटं. फुईनं चिंध्यांच्या बोचक्यातून आबांचं एक विरलेलं, टाकून दिलेलं लाल पागोटं काढलं. ते तिनं झटकलं, मांडीवर पसरून हातानं सारखं केलं. मग तिनं उजवा पाय दुमडून गुडघा वर केला, त्यावर फडक्याची एक घडी टाकली आणि पेच द्यायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी... पण हात काही विसरले नव्हते. झाल्यावर तिनं ते माझ्या डोक्यावर ठेवलं. जणू डोक्याचं माप घेऊनच बांधलं होतं.

"देख, मन्हा गुडघा आनि तुन्हं डोकं, एकच माप शे," फुई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. ती नेहमी तशीच हसायची.

मी म्हटलं, "फुई, तू बी देखाले ये."

"माले कसाले वं? तू घर ईसन सांग. तू सांगं म्हंजे मी देखं."

मी रडले, फुरंगटले, जेवले नाही. तिचं उत्तर बदललं नाही. मला शिलेदार व्हायचं होतं ते निम्मं तिला दाखवण्यासाठी, आणि तीच येणार नव्हती. शेवटी मायनं दटावलं, "गप ऱ्हाय, आबा आयकतीन." आबा ऐकतील म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप लागायचं. आबा ओसरीवरच होते. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, त्यांनी मान काही वर केली नाही.

तो दिवस उजाडला, आणि मायनं घोळ केला. आमच्याकडे पोर चार लोकांत जायचं असलं की त्याचं डोकं आधी तेलानं निथळलं पाहिजे; कोरडं डोकं म्हणजे आईनं टाकलेलं पोर. मायनं वाटीभर शेंगदाण्याचं तेल माझ्या टाळूवर जिरवलं, उरलेलं वेण्यांना चोपडलं. वर फुईनं पागोटं ठेवलं, काजळाच्या मिशा काढल्या. दारापर्यंत आली. "हालू नको वं जास्त, नई ते पेच सुटी जाई," एवढं बजावून ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

शाळेच्या अंगणात निंबाखाली गाव जमलं होतं. होळीनंतरचं आमच्याकडचं ऊन ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक. त्यात मी अंगावर एक अख्खी गोधडी घातलेली! घामाच्या धारा लागल्या, घामात तेल मिसळलं, मिशा गालांवर आल्या आणि पागोटं हळूहळू मागे सरकू लागलं. मी मानेनं सावरलं, ढालीनं रेटलं... आणि माझं नाव पुकारायच्या जरा आधी ते मागच्या मागे घसरलं ते थेट धुळीत. पेच उलगडून लाल कापड अंगणभर लांबलं. शिलेदार मोठ्यानं भोकाड पसरून रडू लागला.

मास्तर धावले, पण काळी टोपी घालणाऱ्याला पागोट्याचं काय ठाऊक असणार! मग गावातली मोठी माणसं पुढे झाली. एकानं आपला गुडघा वर करून त्यावर पागोटं बांधलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. ते थेट नाकावर येऊन बसलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे डोक्यापेक्षा पागोटं जड. दुसऱ्यानं बांधलं, त्यात मी खांद्यापर्यंत बुडाले. अंगण हसून लोटपोट. आणि मी त्या पागोट्याच्या आतून किंचाळले, "माले फुईना गुडघा पायजे!"

हशा आणखी वाढला. पण पुढच्या रांगेत आबा बसले होते, ते हसले नाहीत. ते उठले. आपलंच ते विरलेलं कापड त्यांनी ओळखलं होतं. ते त्यांनी माझ्या डोक्यावरून काढलं, झटकलं आणि म्हणाले, "आते कोनी हात लावू नका." मग ते कापड खांद्यावर टाकून घराकडे चालू लागले. मास्तर गोंधळून उभे. मला वाटलं, संपलं सगळं. आबा रागावले, पागोटं गेलं आणि आता घरी फुईलाही बोल बसणार...

थोड्या वेळानं आबा परत आले तेव्हा त्यांच्यामागे फुई होती. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, मनगटापर्यंत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ. भाकरी थापता थापताच उठून आली होती. मग मागून कुणीतरी कुजबुजलं. आबांनी मान वळवून विचारलं, "पागोटं बांधाले उनी शे. तुमले बांधता येस का?" माझ्या डोक्याला बसेल असं कुणाला येत होतं?

फुई शाळेच्या पायरीवर बसली. पदराच्या टोकानं आधी तिनं माझं डोकं खसाखसा पुसलं. मग एवढ्या गावासमोर उजवा गुडघा वर केला, घडी टाकली आणि पेच चढवू लागली. पहिला पेच तिनं दोनदा सोडून पुन्हा घातला, हे मी अगदी जवळून पाहिलं. तिसऱ्या-चौथ्या पेचाला हात भरभर चालू लागले. मग तिला गावही दिसेनासं झालं असावं. कापडाला पिठाची बोटं उमटत होती. पागोटं माझ्या डोक्यावर ठेवून तिनं ते दोन्ही हातांनी खाली दाबलं आणि म्हणाली, "जाय आते."

मी पुढे गेले. काय बोलायचं होतं ते सगळं विसरले. नुसती तलवार वर केली आणि निंबाकडे पाहिलं. फुई बायकांच्या कडेला उभी होती आणि हसत होती. दोन्ही हातांना पीठ, त्यामुळे पदर तोंडाला लावायचं तिला सुचलं नसावं. तिच्या वरच्या दोन दातांत फट आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बक्षीस राणीला मिळालं. मिळो बापडीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर दात घासत होते. आबा आले, बसले. वाकडं पागोटं बांधायला घेतलं, अर्ध्यावर थांबले आणि सगळं सोडून टाकलं. मग आतल्या बाजूला बघून म्हणाले, "बांध वं आंडेर." आंडेर म्हणजे मुलगी. आणि त्यांनी गुडघा पुढे केला. फुई चुलीपासून उठून आली. समोर बसून पेच चढवू लागली. मध्येच आबांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांचा आखडलेला अंगठा त्यांच्याच मांडीवर हळूहळू चोळला जात होता. माझा सगळा राग तिथेच विरघळला. उशिरा का होईना, त्या माणसानं स्वतः जाऊन तिला आणलं होतं. नंतर फुईनं सांगितलं, घरी येऊन आबा दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले होते, "चाल. पोर रडी ऱ्हायनी."

आबा असेपर्यंत त्यांचं पागोटं सरळ राहिलं. पुढच्या आखाजीला फुई झोक्यावर बसली नाही, पण झोक्यापाशी येऊन उभी राहिली, आणि गाणाऱ्या मुलींच्या चुका काढू लागली. म्हातारपणी तिचे गुडघे सुजले. मी गेले की ती माझ्या डोक्याकडे आणि मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघायची आणि म्हणायची, "आते माप चुकनं वं." आणि त्या फटीतून हसायची, पदर न लावता.

तिच्या उत्तरकार्याला गेले तेव्हा भावाच्या बायकोनं फुईची पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि चहा करायला आत गेली. पेटीत दोन लुगडी, सुयांची डबी आणि तळाशी ते लाल पागोटं. शाळेतून आल्यावर फुईनं आतून टाके घालून त्याचे पेच कायमचे पक्के केले होते, ते मी विसरूनच गेले होते. रंग विटलाय, कापड जागोजागी जाळीदार झालंय, पण आकार जसाच्या तसा. हातात उलटं धरलं तर आत एक गोल पोकळी. लोक म्हणतील ते माझ्या डोक्याचं माप. पण ते ज्या गुडघ्यावर बांधलं होतं तो गेला, आणि त्याची जागा तेवढी राहिली...

मी जमिनीवर बसले, उजवा पाय दुमडून गुडघा वर केला आणि त्यावर ते पागोटं ठेवलं. जरा सैल झालं. तेव्हा घडीची आठवण झाली. पदराची एक घडी गुडघ्यावर टाकली आणि पुन्हा ठेवलं. नेमकं बसलं. आतून चहासाठी हाक आली, मग दुसरी हाक आली. मी हलले नाही.