रोज सकाळी दहा वाजता

"मग मॅनेजरला काय सांगू? समुद्रानं सुट्टी घेतली म्हणून?"

"तसंच सांग," बी मिझे म्हणाली. "खोटं काय आहे त्यात?"

मी तिची चाळण परत द्यायला गेले होते. सासू-जावयाचं भांडण ऐन रंगात होतं, म्हणून तिथंच कुंपणाला टेकले. बी मिझे खवणीवर बसून नारळ खवत होती. तिचा जावई वुआई ओट्यावर बसला होता. त्याचे कपडे छातीपर्यंत भिजलेले, आणि पाय बायकोच्या मांडीवर. रिझिकी त्याच्या तळव्यात रुतलेल्या समुद्री साळूंच्या काळ्या काट्यांवर पपईचा चीक लावत होती आणि हसू दाबत होती.

बी मिझे अकरा वर्षांची असल्यापासून खडकांवर जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या जंबियानी गावचा समुद्र पार लांब सरकतो, आणि बायका काठ्या घेऊन ऑक्टोपस शोधायला निघतात. बी मिझेला एकेक बीळ शेजाऱ्याच्या दारासारखं ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी हॉटेलातली एक बाई कॅमेरा घेऊन तिच्या मागं मागं फिरू लागली. हिनं काही वेळ पाहिलं आणि काठीच तिच्या हातात दिली. त्या बाईनं ऑक्टोपस काढला, किंचाळली, पुन्हा समुद्रात सोडून दिला. बी मिझेला वाईट वाटलं ते फक्त कालवणाचं. पण दुसऱ्या दिवशी सहा जण आले, आणि पाहुण्यांची खडकांवरची फेरी सुरू झाली.

मग रिझिकीचं लग्न झालं आणि शहरातला वुआई घरात आला. याच फेरीच्या बळावर त्याला हॉटेलात पाहुण्यांना फिरवायची नोकरी लागली, आयुष्यातली पहिली कायमची. उत्साहाच्या भरात त्यानं पाटी रंगवली: 'रोज सकाळी दहा वाजता, ऑक्टोपसवाल्या बाईबरोबर खडकांवर फेरी.' पक्क्या रंगात, तीन भाषांत. समुद्र रोज पाऊण तास उशीर करतो, आणि मधल्या भांगाच्या दिवसांत, ज्यांना आम्ही मेलेलं पाणी म्हणतो, खडक धड उघडेच पडत नाहीत, हे शहरातल्या माणसाला कोण सांगणार? सासूनं सांगितलं होतं. त्याला वाटलं, म्हातारीला आराम हवाय.

आज मेलेलं पाणी होतं. ती गेली नाही, म्हणून तो स्वतःच नऊ पाहुणे घेऊन गेला. दहा वाजता एक धिप्पाड जर्मन गृहस्थ छातीभर पाण्यात, कॅमेरा डोक्यावर धरून, ऑक्टोपस कुठाय म्हणून अगदी सभ्यपणे विचारत होते. शेवटी किनाऱ्यावरून बघत असलेली बी मिझे कपड्यांसकट पाण्यात उतरली. काठीचं एक टोक त्यांच्या हाती दिलं, बाकीच्यांना त्यांच्या मागं एकमेकांचे हात धरायला लावले आणि सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं. मॅनेजरनं वुआईला बजावलं: शनिवारपासून पाटीवर लिहिलंय तसं रोज काहीतरी दाखव, नाहीतर नोकरी सोड.

"आई, महिन्यातले दहा दिवस दाखवून नोकरी टिकत नाही," वुआई आता हळू बोलत होता. "थोडं जवळच, गुडघाभर पाण्यात फिरवलंत तरी चालेल."

"आणि दाखवू काय, जावईबापू? तुमचे पाय?"

रिझिकीला हसू आवरेना. पण लगेच ती पुन्हा काट्यांकडं वळली. नोकरी गेली तर नवऱ्यामागून शहरात जावं लागेल, हे तिला कळत होतं. तिच्या आईलाही कळत होतं. तिची खवणी मंदावली होती.

कोपऱ्यात मकामे, बी मिझेचा नवरा, जाळं विणत होता. तीन वर्षं तेच जाळं. त्याची होडी जंगली बदामाखाली पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. पाण्यावर न जायला कधी शीड कुजलेलं असायचं, कधी पाठ धरलेली. तो म्हणाला, पाटीवरचं 'रोज' खोडून टाका, झालं. मग उगाचच पुढं बोलला.

"मेलेलं पाणी चालायला वाईट, पण होडीला याच्यासारखं पाणी नाही. दहाला खाडी काठोकाठ भरलेली, लाट नाही, ओढ नाही. लहान पोरालाही बिनधास्त बसवावं."

खवणी थांबली.

मकामेनं मान वर केली, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. शीड कुजलंय, तो म्हणाला. शीड मी रमझानच्या आधीच शिवून ठेवलंय, ती म्हणाली. फटी बुजवायच्यात. त्याला कापूस आणि तेल घरात आहे. पाठ, तो म्हणाला. खोबऱ्याचं ताट रिझिकीकडं सरकवून ती उठली.

"वुआई, 'रोज' राहू दे. 'ऑक्टोपसवाल्या बाईबरोबर'च्या पुढं 'किंवा तिच्या नवऱ्याबरोबर होडीतून' एवढं लिही. तिन्ही भाषांत." मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या सकाळी कोंबड्या होडीखालून हलतील."