अलमारीतला उंच माणूस

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगते. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या ऑफिसातल्या एकीच्या नाकातून चहा आला होता आणि तिचा ड्रेस पांढरा होता. तर झालं असं की, मी आयुष्यातला पहिला मोठा आर्थिक निर्णय घेतला आणि त्यापायी माझं लग्न जवळजवळ ठरलं. कुणाशी? थांबा की जरा!

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. पाल दिसली तर माझ्या ओरडण्यानं पालच आधी पळते. अशा जीवानं बी.कॉम. केलं, आदिलाबादच्या एका जिनिंग मिलच्या ऑफिसात नोकरी धरली, आणि रोज गावाहून बसनं जा-ये करत पगारातले थोडे थोडे पैसे साठवले.

त्या पैशांचं काय करायचं हे आईनं मी नोकरीला लागायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. सोनं! आमच्याकडे दुसरं काही सुचतच नाही. कापूस विकला, सोनं. म्हैस विकली, सोनं. आई सोनाराकडे जाऊन गोफाचा नमुनासुद्धा बघून आली होती.

पण मी पडले बी.कॉम. मी मोबाइलवर एका गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. ते म्हणाले, सोनं कुणीही घेतं, हुशार माणूस दुर्मीळ वस्तू घेतो. आणि त्यांनी काय दाखवलं, तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंची जुनी कार्डं. पत्त्याएवढा जाड कागद, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची माहिती. तिकडची पोरं म्हणे लहानपणी ही जमवायची, आणि आज त्यातल्या एकेकाचा भाव ऐकला तर... मी ऐकला आणि अर्थातच दचकले.

मग मी विषयाचा सखोल अभ्यास केला. म्हणजे त्याच गृहस्थाचे आणखी व्हिडिओ पाहिले. बास्केटबॉलशी माझा तेवढाच संबंध. तसं कॉलेजात एकदा मुलींच्या संघात एक जण कमी पडली म्हणून मला उभं केलं होतं. बॉल माझ्याकडे आला, मी डोक्यावर हात ठेवून खाली बसले. नंतर मला कुणी उभं केलं नाही.

हैदराबादच्या एका माणसाकडून मी एक कार्ड मागवलं. सगळे साठवलेले पैसे त्यात. त्यानं फोनवर बजावून सांगितलं, "मॅडम, याचे चार कोपरे जपा. कार्डाचा भाव कोपऱ्यांत असतो. घाम लागू देऊ नका, पाणी लागू देऊ नका, बोटसुद्धा लावू नका." आता हे माझ्यासारखीला सांगायचं असतं का? मी ते कार्ड प्लास्टिकच्या कव्हरात, कव्हर रुमालात आणि रुमाल अलमारीत माझ्या शालीखाली ठेवला. आईला एवढंच म्हटलं की पैसे चांगल्या ठिकाणी ठेवलेत, वेळ आली की सांगेन.

पण जिवाला चैन कुठली! रोज बसमधून उतरले की घरात शिरायचं, खोलीचं दार लावायचं, अलमारी उघडायची, रुमाल सोडायचा आणि त्याला डोळे भरून पाहायचं. चारही कोपरे शाबूत दिसले की एक सुस्कारा सोडायचा आणि परत शालीखाली झोपवायचं.

दार लावून, चोरून, एका पुरुषाचा फोटो. वर सुस्कारा. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. तुम्हाला वाटलं ना? आईलाही वाटलं.

एका रविवारी सकाळी मावशी आली. माझी सख्खी मावशी, बेल्लमपल्लीची. काका तिकडे कोळशाच्या खाणीत आहेत. मावशी बसगाड्या बदलत बदलत, न कळवता आली, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. कारण आमच्या घरची रीत अशी की, पोरीला नाजूक गोष्ट आई कधी विचारत नाही. ती मावशीला बोलावते. बाप तर मावशीलाही विचारत नाही. तो ओसरीवर बसून अडकित्त्याशी खेळतो. त्या दिवशी बाबा ओसरीवर बसून अडकित्ता उघडझाप करत होते आणि सुपारी कुठेच नव्हती.

मावशीनं मला खोलीत घेतलं. हातात चहाचा कप.

"रेणे, बस इकडं. तुह्या मायनं अलमारी उघडली होती. आमाले सारं समजलं."

संपलं! गोफाचे पैसे कागदात घातले हे कळलं यांना. पण मी तयारीची होते. हा दिवस येणार म्हणून मी गुंतवणुकीवरची सगळी उत्तरं बसमध्ये पाठ करून ठेवली होती. आणि घाबरलेल्या माणसाचं काय होतं, तो प्रश्न ऐकत नाही, त्याला फक्त पाठ केलेलं उत्तर द्यायचं असतं.

"कवापासून चालू हाये हे?"

"दसऱ्यापासून."

"भेटला कुठं?"

"मोबाइलवर."

मावशीनं मान हलवली, की आजकाल सगळ्यांचं तिथंच होतं. "करते काय तो?"

मला बरं वाटलं. मावशी व्यवहारी बाई, खेळाडू कोण हे आधी बघणारच. "पूर्वी खेळायचा," मी म्हटलं. "आता रिटायर आहे."

"रिटायर? म्हंजे वय काय त्याचं?"

"साठीच्या पुढे असेल. पण मावशी, यात जितका जुना तितका चांगला."

मावशी कपाकडे बघत राहिली. "बायको-लेकरं?"

"असतील. एकीपेक्षा जास्त बायकाही झाल्या असतील. आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?"

"आन् पोरी, उद्या मेला-गिला तं?"

हे उत्तर तर माझं सगळ्यात पक्कं होतं. त्या गृहस्थानं यावर आख्खा व्हिडिओ केला होता. मी मावशीच्या जवळ सरकले आणि हळूच म्हटलं, "मेला तर फारच छान. मेल्यावर एकदम भाव येतो."

मावशी उठली. चहा अर्धा राहिला होता. दारातून जाताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, पटलं हिला.

दुपारभर घरात कुजबुज चालली. बाबा जेवले नाहीत. थोड्या वेळानं बघते तर बाबा सुतळी घेऊन घराच्या दाराची उंची मोजताहेत. खालून वर, मग वरून खाली, मग लांब जाऊन दाराकडे बघत उभे. काय सांगू! मला वाटलं, पोरीची दौलत घरात आहे म्हणून बिचारे लोखंडी दार बसवताहेत.

मग आई आली. डोळे सुजलेले.

"तुह्यं पक्कं हाये?"

"हो आई. मी पूर्ण विचार केलाय."

"लोकं काय म्हनतीन वं?"

"लोकांना सांगायचंच कशाला? आहे तसा अलमारीत राहू दे ना."

आईनं डोळ्याला पदर लावला. मला तिची दया आली. म्हटलं, हिचा गोफ गेला, हिला जरा समजावून सांगावं. "आई, सुरुवातीला भीती वाटते. मलाही वाटली. पण वीस-पंचवीस वर्षं धीर धरायचा. मग चांगलं गिऱ्हाईक बघून देऊन टाकायचा."

आई मोठा उसासा टाकून म्हणाली, "तुह्या नशिबात असंन तेच होईन. उद्या आंघोळ करून देवापुढं ठेवतो मंग त्याले."

मला इतका आनंद झाला! नवं सोनं घेतलं की आई आधी ते देवापुढे ठेवते. म्हणजे माझ्या कार्डाला सोन्याचा मान मिळाला! "ठेव ना," मी म्हटलं. "मीच सांगणार होते."

ऐकलंत ना? मीच म्हटलं, ठेव. हे लक्षात असू द्या, पुढे कुणाला दोष देता येणार नाही.

सकाळी मी न्हाणीत होते. उदबत्तीचा वास आला. केस पुसत घरात आले तर आई देवापुढे बसलेली, मावशी शेजारी हात जोडून. रुमाल एकीकडे, प्लास्टिकचं कव्हर एकीकडे. नंतर आई म्हणाली, पन्नीच्या वरून कुठं पूजा होते का. आणि पाटावर माझं कार्ड, उघडं.

आता आपल्याकडे शुभकार्याचा कागद देवापुढे ठेवला की काय करतात? पत्रिका असो, स्थळाचा फोटो असो, काय करतात?

चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात.

तेही पाण्यात कालवून, ओलं, बोटानं दाबून. मी पोचले तेव्हा आईचं बोट चौथ्या कोपऱ्यावर होतं. आधीचे तीन पिवळे-लाल होऊन फुगायला लागले होते. बोटाला उरलेलं कुंकू तिनं खेळाडूच्या कपाळालाही लावलं. बॉल डोक्यावर धरून, मळवट भरून तो माझ्याकडे बघत होता.

मी किंचाळले. बाहेरची कोंबडी पत्र्यावर चढली.

"आई, कोपरे! भाव गेला त्याचा सगळा!"

"भाव गेला तं जाऊ दे," आई रडत रडत म्हणाली. "कुंकू लागलं ना, आता तो आपल्या घरचा झाला. जसा हाये तसा जावई."

"जावई?"

"तू लगन करून राह्यली ना त्याच्याशी?" मावशी म्हणाली.

"लग्न? मी तर त्याला विकणार होते!"

मग ओसरीवरून बाबांचा आवाज आला, "म्हंजे दार उंच नाही करा लागत?"

त्यानंतर एकेक गोष्ट बाहेर आली. बनियनवर नंबर बघून आईला वाटलं होतं की माणूस जेलातला आहे. मावशीनं समजूत काढली की नाही, खेळाडू असतात असे, चड्डीवरूनच कळते. बाबांनी फोटोत फक्त त्याची उंची बघितली होती आणि आपल्या चौकटीला त्याचं कपाळ आपटेल म्हणून गावातल्या मिस्त्रीला सांगावा धाडला होता. आणि साठीच्या म्हाताऱ्याच्या मरणावर टपून बसलेली पोरगी आपल्या पोटी कशी जन्मली, म्हणून आई रात्रभर जागी होती. कागदात पैसे गेले हे कळल्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही. आई देवापुढं नारळ फोडायला निघाली. सोनं गेलं, पण जावई टळला!

मी हैदराबादच्या माणसाला फोटो पाठवला आणि परत घ्याल का असं विचारलं. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, पूजा केली का?" आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. बस्स.

तर बास्केटबॉलची जुनी कार्डं लाँग टर्मसाठी चांगली का, असं कुणी विचारलं तर मी सांगते, फारच लाँग. कारण हळदकुंकू लागलेली वस्तू आमच्याकडे विकत नाहीत आणि कपड्यांखालीही ठेवत नाहीत. त्यामुळे तो आता देवघरात राहतो, बाळकृष्णाच्या मागे. उंच माणूस, मागे उभा राहिला तरी दिसतो. आई सगळ्यांना फूल वाहते आणि एकट्यालाच वगळलं तर बरं दिसत नाही म्हणून त्यालाही एक वाहते.

परवा सकाळी मला कोपरे बघावेसे वाटले. उठल्या उठल्या गेले आणि हात पुढे केला, तोच आईनं हटकलं, "अवं, पारोशी हात नको लावू त्याले."

पैसे माझे, माणूस माझा. आणि पारोशी कोण, तर मीच!