उभं राहायचं गाणं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण डॉक्टरकाकांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्याबद्दल कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटतं.

काका जेवताना मध्येच उभे राहायचे. नॉटिंगहॅमला त्यांच्याकडे मी स्वयंपाकाला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं. सीडीवर खूप माणसं मिळून गातात तसलं इंग्रजी गाणं चालू होतं. एकाएकी आवाज चढला, आणि काका हातातला घास ताटात ठेवून ताठ उभे राहिले. मला वाटलं, आरती आहे. मीही गॅस बंद करून हात जोडले.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "तू का उभी राहिलीस?"

मी मान खाली घातली.

"बरं केलंस. हे ऐकून इथला राजा उभा राहिला होता म्हणतात. राजा उभा, मग आपण कोण बसणारे?"

ते गाणं रचणाऱ्याला काका 'बुवा' म्हणायचे. बुवांच्या वडिलांना त्यांना वकील करायचं होतं, म्हणून बुवा माळ्यावर लपून वाजवायचे. बुवा लंडनला आले आणि इथलेच झाले. हे सगळं ऐकून मी समजले, मिरजेकडचे कुणी गवई असतील, काकांच्या नात्यातले. एप्रिलमध्ये एक दिवस काका म्हणाले, "आज बुवांची पुण्यतिथी." मी वरण-भात, खीर, वडे केले आणि पान वाढून बागेत ठेवलं. कावळा काही आला नाही. एक खार येऊन वडा घेऊन गेली.

"सुमन, हे कुणासाठी?"

"बुवांसाठी."

काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, ते जर्मन होते! जाऊन अडीचशे वर्षं होत आली. आणि खाण्याचे एवढे शौकीन, की तुझ्या वरण-भाताकडे बघितलंही नसतं."

"मग चिकन करायला हवं होतं का?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्या घरात मी बोललेलं ते पहिलं लांब वाक्य. पुढे दर वर्षी त्या दिवशी चिकनचा रस्सा व्हायचा.

मग आमचे हे ज्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये होते, ते बंद पडलं. दोन महिन्यांचा पगार बुडाला, भाडं थकलं, घरमालकानं शुक्रवारपर्यंत मुदत दिली. मी काकांना सांगितलं नव्हतं, पण आमटीत दोनदा मीठ पडलं. त्यांनी विचारलं आणि मला रडू आलं. काकांनी बाराशे पौंड हातात ठेवले. मी पाया पडायला वाकले, तर ते मागे सरकले.

"पाया पडायचं नाही, फेडायचे. बुवांची संगीत नाटकाची कंपनी बुडाली, वर लकवा मारला. तरी माणूस उठला आणि सगळ्यांचे पैसे चुकते केले. 'राहू दे' असं मी म्हणणार नाही. तुलाही ते आवडणार नाही."

माझ्याकडून पैसे परत येतील, असं त्याआधी कुणी धरलंच नव्हतं.

महिन्याला वीस पौंड ठरले. मी विसरले तर काका म्हणायचे, "सुमन, आज एक तारीख." लंडनकडे स्टॅनमोरला राहणारा त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, लेट इट गो ना. ट्वेन्टी पाउंड्स काय!"

"तू गप्प बस," काका म्हणाले. "हा आमचा दोघांचा व्यवहार आहे."

पुढे शुगरमुळे काकांची नजर गेली. "बघ, शेवटी बुवांसारखंच झालं. ते निदान डोळे गेल्यावरही वाजवत होते. मी नुसती बडबड करतो." मी सवयीनं मान हलवली. "मान हलवलेली मला ऐकू येत नाही गं. बोल!" मग मी बोलायला शिकले. बागेत काय फुललं, पोस्टमन बदलला, शेजारणीनं केस कापले, सगळं त्यांना सांगायचे. आज मी जीपीकडे, म्हणजे इथल्या आमच्या डॉक्टरकडे जाऊन स्वतःचं दुखणं स्वतः सांगते, ते त्यामुळे.

साठाव्या महिन्यात मी त्यांच्या हातात नोट दिली. तोपर्यंत गुडघेही गेले होते, उठवायला माणूस लागायचं. त्यांनी नोट बोटांवर मापून पाहिली. "वीसची आहे."

"काका, हा शेवटचा हप्ता," मी मोठ्यानं म्हणाले. "आज पूर्ण झाले."

काका खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. मी धरायला धावले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. थरथरत, हळूहळू, ते ताठ उभे राहिले.

"काका, गाणं लागलेलं नाही."

"माहितीये मला," काका म्हणाले. "बाराशे पौंड पूर्ण मिळाले."