सुषमाताईंचा फोन वाजू नये म्हणून

परदेशात शिकत असताना वाटायचं, किस्से बिघडलेल्या कोडचेच होतात. नीटनेटक्या कोडचं काय सांगणार? नागपूरला परतले, हिंगण्याजवळच्या या ऑफिसात आले आणि समज पार बदलला. इथे चहा संपतो, नीटनेटकेपणाचे किस्से संपत नाहीत!

आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करतो, पायथॉनमध्ये. प्रोजेक्ट अवाढव्य. टीम लीड सुषमाताई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या आणि त्यांची एकच अट होती: "रजेत माझा फोन वाजला नाही पाहिजे. जे जिथं असावं, ते तिथंच सापडलं पाहिजे!"

*

पहिली 'हेल्पर्स' नावाची फाईल गेली. जागा सुचली नाही की प्रत्येकाने आपलं फंक्शन तिच्यात कोंबलेलं. मी म्हटलं, "ताई, चालतंय ना, राहू द्या."

"चालते, मान्य. पण खाटेचं भाडं अन् एसएमएस एकाच खोलीत काहून झोपून राहिले वं?"

फाईल रिकामी करून ताईंनी डिलीट केली, तेव्हा अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या!

*

बिलिंगची फाईल औषधांच्या फाईलवर अवलंबून, औषधांची बिलिंगवर. प्रोग्राम सुरूच होईना. आमचा प्रफुल्ल डोकं धरून बसला.

ताई म्हणाल्या, "दोघांनीही आपली चावी एकमेकाच्या घरात ठेवून कुलूप लावलं. आता आत कसे जातीन गा?"

दोघांना लागणारे दर तिसऱ्या फाईलमध्ये नेले. झालं, सुरू!

*

शुक्रवारी परीक्षा असे. अकाउंट्सच्या वासनिककाकांना कोडचा गंधही नाही. ताई त्यांनाच स्क्रीनसमोर बसवून विचारायच्या, "काका, ॲम्ब्युलन्सचं भाडं कोणत्या फोल्डरात असन?" काका चुकले की फोल्डरचं नाव बदलायचं!

प्रफुल्ल वैतागला, "काकालेच शिकवा ना!"

"अन् उद्या नवीन माणूस येईन, त्याले शिकवायले मी कुठं असन?"

*

ताई रजेवर गेल्या. एके दिवशी एका हॉस्पिटलची तक्रार आली: जुळी झाली आहेत, सॉफ्टवेअर एकाच बाळाची नोंद घेतंय, डिस्चार्ज अडकलाय. तक्रारीत पेशंटचं नाव नसतं.

प्रफुल्लने ताईंचा नंबर काढला. मी म्हटलं, "थांब!" 'जन्म' फोल्डर उघडलं, आत 'नोंदणी' फाईल. चूक समोरच! दुरुस्त केली, कोडच्या टेस्ट पास झाल्या, डिस्चार्ज मोकळा.

तेवढ्यात ताईंचाच फोन. "ते जुळे माझेच होते वं!"

आम्ही ओरडलोच. "ताई, अभिनंदन! आणि बघा, तुम्हाला फोन न करता झालं!"

"पाहिलं ना. मोबाईल हातात घेऊनच बसली होती मी." मागे दोन्ही बाळं रडत होती. "पण एकालेही माझी आठवण नाही आली?"